पिल्लू भुंकतं तेव्हा त्याला काय मिळतं?

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात चार्ली नावाचा एक गोल्डन रिट्रीव्हर इतक्या मोठ्यानं भुंकला, की त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. नोंद झाली ११३.१ डेसिबलची. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दोन महिन्यांचं पिल्लू काही विक्रम करत नाही. पण एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं असलेल्या इमारतीत, रात्री दोन वाजता, त्याचं बारीक आणि न थांबणारं भुंकणं सगळ्या मजल्याला जागं करतं. सकाळी जिन्यात शेजारी विचारतात, संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो आणि थोड्याच दिवसांत घरात पिल्लू परत देण्याची भाषा सुरू होते.

ही वेळ टाळता येते. प्रस्तुत लेखिकेच्या पुण्यातल्या घरी चिंगी नावाचं गावठी पिल्लू वाढलं, त्याच इमारतीत इतरांचीही पिल्लं वाढली आणि त्यांच्या आवाजावर बरेच उपाय झाले. काही लागू पडले, काही अंगाशी आले. त्या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: तोंड कसं बंद करायचं हा प्रश्न घेऊन बसलेलं घर अडकतं; भुंकल्यावर पिल्लाच्या पदरात काय पडतं हे शोधणारं घर सुटतं.

मुळात कुत्रा भुंकतो कशाला? त्याचा पूर्वज लांडगा फारसा भुंकत नाही. भुंकतो तो मुख्यतः धोक्याचा इशारा द्यायला, तोही थोडकाच. माणसाच्या सोबतीनं राहायला लागल्यावर कुत्र्याचा आवाज वाढला, कारण माणसाला तो आवाज हवा होता. पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानावर मेंढरं बसवणाऱ्या धनगराला रात्री न भुंकणारा कुत्रा काय कामाचा? लांडगा वाड्याजवळ आला की कुत्र्यानं सगळ्यांना उठवलंच पाहिजे. इंग्लंडमध्ये बीगल घडवला गेला तो सशाच्या शिकारीसाठी. कळप लांब पळत गेला तरी मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्याला दिशा कळावी म्हणून त्याचा गळा मोठा आणि लांबवर जाणारा. तोच बीगल आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतो आणि लोक म्हणतात, याचा आवाज फार आहे. उलट आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्यातला बासेनजी सहसा भुंकतच नाही. तो गाण्याच्या तानेसारखा वेगळाच सूर काढतो. म्हणजे आवाजाचा काही भाग रक्तातून येतो, आणि जात निवडतानाच त्याचा विचार व्हायला हवा. आपल्याकडे ‘पॉमेरेनियन’ म्हणून घरोघर पाळला जाणारा पांढरा केसाळ कुत्रा बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. राखणीला तो तरबेज, म्हणूनच दारातल्या प्रत्येक चाहुलीवर बोलणारा.

भुंकणं एकाच प्रकारचं नसतं, हेही लक्षात घ्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्य सोफिया यिन यांनी २००२ मध्ये तीन प्रसंगांतलं भुंकणं ध्वनिमुद्रित करून तपासलं: दाराची घंटा वाजल्यावरचं, एकटं कोंडल्यावरचं आणि खेळातलं. घंटेवरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं आणि खरखरीत निघालं. एकटेपणातलं आणि खेळातलं वरच्या पट्टीतलं, चढउतार असलेलं. बुडापेस्टच्या एओटव्हॉश लोरांड विद्यापीठातल्या पेटर पोंग्राट्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुडी या हंगेरियन धनगरी कुत्र्यांचे आवाज लोकांना ऐकवले. कुत्रा कुठल्या प्रसंगात भुंकतो आहे, हे लोकांनी निव्वळ अंदाजाच्या पलीकडे जाऊन ओळखलं. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनीसुद्धा. म्हणजे हा कान प्रत्येकाला आहे. २००२ मध्ये जपानच्या टाकारा कंपनीनं भुंकण्याचं भाषांतर करणारं ‘बाऊलिंग्वल’ नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं. घरातल्या पिल्लासाठी तसल्या यंत्राची गरज नाही. कोऱ्या वहीचं एक पान पुरतं.

त्या पानावर काही दिवस तीन गोष्टी लिहाव्यात: पिल्लू भुंकलं त्याच्या आधी काय झालं, आवाज कसा होता आणि भुंकल्यावर काय झालं. चिंगीच्या पानावर लवकरच चित्र उमटलं. स्वयंपाक चालू असताना ती ओट्याजवळ उभी राहून भुंकायची. भुंकल्यावर कुणीतरी वाकून तिच्याशी बोलायचं. दाराची घंटा वाजली की भुंकायची. भुंकल्यावर कुरिअरवाला निघून जायचा. घरचे बाहेर पडले की भुंकायची. काही वेळानं कुणीतरी परत यायचं. पिल्लाच्या हिशेबानं तिन्ही वेळा भुंकणं फळाला आलं होतं. तिसऱ्या रकान्यातलं हे फळ जोवर मिळत राहतं, तोवर रागावण्याचा उपयोग होत नाही.

सुरुवात मात्र पिल्लू घरी येण्याच्या आधी होते. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. या नियमाला कारण आहे. आई आणि भावंडांमध्ये राहून पिल्लू चावण्याचा जोर सांभाळायला शिकतं, दुसऱ्यानं ‘पुरे’ म्हटलं की थांबायला शिकतं, थोडा वेळ काही न मिळता राहायला शिकतं. इमारतीतल्या एका कुटुंबानं घेतलेलं बीगलचं पिल्लू विक्रेत्यानं दोन महिन्यांचं म्हणून दिलं होतं. डॉक्टरांनी दात पाहून ते त्याहून बरंच लहान असल्याचं सांगितलं. ते पिल्लू क्षणभरही एकटं राहू शकत नव्हतं. तेव्हा पिल्लू घेणाऱ्यानं आई पाहिल्याशिवाय आणि जन्मतारीख विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रस्त्यावरचं अनाथ पिल्लू उचललं असेल, तर वय अंदाजानंच कळतं. तिथे पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे नेणं हाच मार्ग.

वयाचा दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन जगाला खुलं असतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. या काळात जे दिसतं, ऐकू येतं आणि सुखाचं ठरतं, ते पुढे नेहमीचं वाटतं. जे कधी अनुभवलंच नाही, त्याची नंतर भीती वाटू शकते. आणि भ्यालेलं पिल्लू भुंकतं.

इथे आपल्याकडे एक पेच पडतो. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका, असं सगळीकडून सांगितलं जातं. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा धोका खरा आहे. त्यानं पिल्लं दगावतात. पण लसींचे सगळे डोस संपेपर्यंत पिल्लू साधारण चार महिन्यांचं होतं आणि तोवर मनाचं ते दार बरंचसं लोटलेलं असतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली: पहिली लस आणि जंताचं औषध देऊन आठवडा झाला, की स्वच्छ जागी आणि लसी झालेल्या कुत्र्यांच्या सहवासात पिल्लाची ओळखपाळख सुरू करावी. फ्लॅटमधल्या घरानं हे असं जमवावं: पिल्लू कडेवर घ्यावं, जमिनीवर सोडू नये आणि रोज थोडा वेळ फाटकापर्यंत न्यावं. रिक्षा, शाळेची बस, हेल्मेट घातलेला माणूस, भाजीवाल्याची आरोळी, काठी टेकत चालणारे आजोबा, लिफ्टचं दार या सगळ्यांकडे दुरून पाहू द्यावं आणि पाहत असताना तोंडात खाऊचा कण द्यावा. पिल्लू ताठरलं, मान फिरवू लागलं, खाऊ नाकारू लागलं, तर आपण जास्तच जवळ आलो आहोत. चार पावलं मागे जावं. ओढत नेऊन ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांच्या पिल्लांना सवय होते ती भीतीची.

कुकरची शिट्टी, मिक्सर आणि व्हॅक्युम क्लीनर यांची ओळखही याच काळात, दुसऱ्या खोलीतून आणि खाणं चालू असताना करून द्यावी. ढोल-ताशा आणि फटाक्यांची तयारी गणपती-दिवाळी दारात आल्यावर करून भागत नाही. काही आठवडे आधी त्या आवाजांचं ध्वनिमुद्रण अगदी हळू लावावं, त्या वेळी जेवण द्यावं आणि पिल्लू निवांत असेल तरच आवाज किंचित वाढवावा. दिवाळीच्या रात्री खिडक्या-पडदे बंद करून आतल्या खोलीत पंखा आणि गाणी चालू ठेवावीत. पिल्लू लपलं असेल तर लपू द्यावं. जवळ आलं तर जवळ घ्यावं. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही. थरथर थांबत नसेल, लाळ गळत असेल, तर पुढच्या सणाआधी डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलावं.

आता मागण्यासाठी होणाऱ्या भुंकण्याकडे. ओट्याजवळचं, जेवणाच्या टेबलाजवळचं, खेळणं पुढ्यात टाकून होणारं भुंकणं यात मोडतं. उपाय ऐकायला सोपा आणि करायला कठीण आहे: भुंकत असताना बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. ‘गप गं’ म्हणणंसुद्धा पिल्लाच्या दृष्टीनं उत्तरच असतं. भुंकणं थांबून दोन श्वास शांततेत गेले, की लगेच वळून बोलायचं, द्यायचं ते द्यायचं. यात एक धोक्याचं वळण असतं आणि बहुतेक घरं तिथेच हार मानतात. फळ मिळेनासं झालं, की भुंकणं कमी होण्याआधी वाढतं. मिळायचं ते मिळत नाही म्हणून पिल्लू आणखी जोर लावतं. त्या टप्प्यावर कुणी कंटाळून बिस्किट टाकलं, तर पिल्लू नेमकं हे शिकतं की हळू भुंकून काम होत नाही, जोरानं आणि जास्त वेळ भुंकावं लागतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं, की अधूनमधून मिळणारं बक्षीस नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय अधिक चिवट करतं. घरात चौघांनी दुर्लक्ष करायचं आणि पाचव्यानं मायेनं पोळीचा तुकडा द्यायचा, हे ‘अधूनमधून’ झालं. म्हणून आजी-आजोबांपासून कामाला येणाऱ्या ताईंपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवून नियम ठरवावा लागतो. चिंगीच्या घरी तो फ्रिजवर लिहून लावावा लागला.

दुर्लक्ष करणं हा निम्मा उपाय आहे. उरलेला निम्मा म्हणजे पिल्लानं मागण्याआधीच त्याची गरज भागवणं. पिल्लू शांत बसलेलं असताना त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते भुंकलं की सगळं घर धावतं. हा क्रम उलटा करावा. जाता-येता शांत पडलेल्या पिल्लापुढे खाऊचा कण ठेवावा, हळूच पाठीवरून हात फिरवावा. भूक, शू, खेळ आणि झोप यांच्या वेळा बांधून द्याव्यात. झोपेची गोष्ट अनेकांना माहीत नसते. लहान पिल्लाला दिवसाचा बहुतेक वेळ झोप लागते, आणि पाहुण्यांनी, मुलांनी सारखं उचलून जागं ठेवलेलं पिल्लू संध्याकाळी किरकिरं होऊन भुंकत आणि चावत सुटतं. अशा वेळी त्याला खेळवून दमवण्याची गरज नसते, अंधाऱ्या कोपऱ्यात निजवण्याची असते.

‘चूप’ हा शब्द शिकवता येतो आणि तो शिकवण्यासाठी आधी भुंकणं लागतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत पिल्लांचे वर्ग सुरू करणारे ब्रिटिश पशुवैद्य इयन डनबर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तिचं तत्त्व साधं आहे: पिल्लू एकाच वेळी जोरात हुंगू आणि भुंकू शकत नाही. कुणाला तरी दार वाजवायला सांगावं. पिल्लू दोन-तीनदा भुंकलं, की एकदाच, हळू आवाजात ‘चूप’ म्हणावं आणि वासाचा खाऊ, उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर, नाकाशी धरावा. हुंगण्यासाठी ते थांबेल. दोन सेकंद शांतता मिळाली की ‘शाब्बास’ म्हणून खाऊ द्यावा. पुढे ही शांतता तीन, पाच, दहा, वीस सेकंदांपर्यंत न्यावी. शब्द पक्का झाला, की खाऊ हातात न दाखवता मागून द्यावा. धडा दोन-तीन मिनिटांचाच असावा. दिवसातून चार वेळा केला तरी चालेल, एकदाच अर्धा तास करू नये. ‘चूप’ ओरडून म्हणण्यात काही अर्थ नाही. पिल्लाला वाटतं, घरचेही आपल्याबरोबर भुंकायला लागले.

काही हुशार पिल्लं यातून ‘आधी भुंका, मग गप्प बसा, मग खाऊ मिळतो’ अशी साखळी जोडतात. म्हणून घंटा वाजूनही जे भुंकलं नाही, त्याला सगळ्यांत मोठं बक्षीस द्यावं.

घंटेसाठी आणखी एक मार्ग आहे आणि फ्लॅटमध्ये तो सर्वांत उपयोगी. घंटेचा आवाज फोनवर मुद्रित करून अगदी बारीक लावावा आणि लगेच दारापासून दूर ठेवलेल्या सतरंजीवर खाऊ टाकावा. आवाज आणि सतरंजी यांची जोडी जमली, की आवाज वाढवावा, मग खरी घंटा वाजवावी, मग दार उघडावं. घंटा म्हणजे दाराकडे धावायचं, याऐवजी घंटा म्हणजे सतरंजीकडे धावायचं, हे पिल्लाला शिकता येतं. दिवसभर गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकणाऱ्या पिल्लाला मात्र धड्यांआधी आडोसा हवा. ते भुंकतं, रस्त्यावरचा माणूस पुढे जातो (तो जाणारच असतो), आणि पिल्लाला वाटतं, आपण त्याला पळवलं. दिवसातून शंभर वेळा मिळणारं हे यश कुठलाही खाऊ हरवू शकत नाही. गॅलरीच्या जाळीला खालून दोन-अडीच फूट कापड किंवा काचेला धुरकट कागद लावला, की निम्मं काम होतं.

हा सगळा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करावा आणि तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. गाजराचे कण, साखरमीठ न घालता उकडलेल्या चिकनचे तुकडे चालतात. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्याला विषारी असतात. मुलांच्या हातातून ते जाणार नाहीत याकडे लक्ष असावं.

सर्वांत कठीण भुंकणं एकटेपणाचं. पहिल्या रात्रीचं पिल्लू आदल्या रात्री भावंडांच्या उबेत झोपलेलं असतं. त्याला स्वयंपाकघरात कोंडून ‘रडून रडून झोपेल’ असं म्हणणं क्रूर तर आहेच, शिवाय एकटेपणाची भीती पक्की करणारंही आहे. पहिले काही आठवडे त्याची पेटी किंवा टोपली अंथरुणाशेजारी ठेवावी, हात खाली सोडला तर पोहोचेल इतक्या जवळ. मध्यरात्री ते कुरकुरलं तर बहुधा शू लागलेली असते. उचलून न्यावं, न बोलता परत आणून झोपवावं. पिल्लू रात्रभर झोपायला लागलं, की टोपली हळूहळू दाराकडे सरकवावी.

दिवसा एकटं राहण्याचा सराव सेकंदांपासून सुरू होतो. दुसऱ्या खोलीत जायचं, दार ओढायचं, पिल्लू कुरकुरायच्या आत परत यायचं. मग अर्धं मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. चपला घालायच्या, किल्ल्या वाजवायच्या आणि बाहेर न जाता सोफ्यावर बसायचं, म्हणजे किल्ल्यांचा धसका जातो. निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून, गोठवून द्यावा. चाटण्यात गुंतलेलं पिल्लू आपोआप निवतं. निरोपाचा आणि परत आल्याचा सोहळा करू नये. घरी कुणी नसताना काय होतं, हे शेजाऱ्यांच्या सांगण्यावर न सोडता जुना फोन व्हिडिओवर लावून पाहावं. एकटेपणाचा खरा त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो: येरझाऱ्या, धापा, दार ओरबाडणं. तसं दिसलं तर सराव मागे घ्यावा आणि तोवर पिल्लू कुणा नातेवाइकाकडे किंवा पाळणाघरात ठेवावं. दोघंही दिवसभर नोकरीला आणि पिल्लू सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंद, अशा घरात कोणतीही युक्ती चालत नाही. अशा घरानं पिल्लू आणू नये; हवं तर शांत स्वभावाचं मोठं कुत्रं दत्तक घ्यावं.

आता सावधगिरीची मुख्य गोष्ट. चिंगीच्या भुंकण्यावर ओळखीतून एक प्रशिक्षक घरी आला. त्यानं पहिल्याच भेटीत तिच्या गळ्यात विजेचा पट्टा बांधला. घंटा वाजली, चिंगी भुंकली, पट्ट्यानं झटका दिला. थोड्याच वेळात ती घंटेवर भुंकेनाशी झाली आणि प्रशिक्षक पैसे घेऊन गेला. त्यानंतर घंटा वाजली, की ती सोफ्याखाली जायची, तिथेच शू करायची. पुढे शेजारची छोटी मुलगी खेळायला आली असताना, घंटेपाठोपाठ दारात दिसलेल्या तिच्यावर चिंगी न भुंकता थेट धावून गेली. झटका भुंकण्यामुळे बसतो हे पिल्लाला कळलेलं नव्हतं. घंटा वाजली आणि दारात माणूस आला, की मान दुखते, एवढंच ते शिकलं होतं. डॉक्टरांनी पट्टा काढायला लावला. घंटेची ती भीती घालवायला महिने लागले आणि मूळचं भुंकणं त्यापुढे किरकोळ वाटलं.

हे एकट्या चिंगीचं झालं असं नाही. ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी बोलावल्यावर परत न येणाऱ्या ६३ कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेच्या पट्ट्यानं शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकण्यात ती बक्षिसानं शिकवलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून वळण लावू पाहणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं, की त्यावर कुत्रा अंगावर आला. वेल्समध्ये २०१० पासून विजेच्या पट्ट्यांवर बंदी आहे. स्वरतंतू कापून आवाज घालवण्याची शस्त्रक्रिया १९८७ च्या युरोपीय पाळीव प्राणी करारानं निषिद्ध ठरवली आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला मारहाण करणं, अवास्तव आखूड किंवा जड साखळीनं अवास्तव वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं हे गुन्हे आहेत. भुंकू नये म्हणून तोंडाला घट्ट कापडी मुसकी बांधण्याचा सल्लाही मिळतो. कुत्रा धाप टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात तोंड बांधलेलं पिल्लू उष्माघातानं मरू शकतं.

प्रशिक्षक निवडताना म्हणून दोन प्रश्न पुरतात: पिल्लाकडून बरोबर झालं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्याच्या उत्तरात झटका, हिसका, चिमटा किंवा काटेरी पट्टा आला, तर चहा देऊन निरोप द्यावा. पिल्लाला एकट्याला घेऊन जाऊन ‘शिकवून आणतो’ म्हणणाऱ्याकडे पाठवू नये. शिकायचं असतं घरच्यांनी.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. त्याच सूचना मालकांनाही सांगतात, की विशेषतः रात्री कुत्रा शांत राहील यासाठी सर्व ते उपाय करावेत. पहिला भाग तोंडपाठ आणि दुसरा विसरलेला, असे मालक सगळ्या कुत्र्यांचं नुकसान करतात. पिल्लू येण्याआधी वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन सांगावं: काही आठवडे थोडा त्रास होईल, आम्ही शिकवतो आहोत, रात्री फार झालं तर फोन करा. ज्यांच्या घरी रात्रपाळीचं माणूस, तान्हं मूल किंवा आजारी व्यक्ती आहे, त्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीची नोंद जवळ असावी. शेजाऱ्यांना विश्वासात घेतलं, तर दार वाजवण्याच्या सरावाला तेच मदत करतात.

कधी कधी दुखणं आवाजातून बोलतं. आजवर शांत असलेलं पिल्लू अचानक भुंकायला लागलं, हात लावल्यावर भुंकलं, झोपेतून दचकून उठून भुंकलं, तर शिकवणी थांबवून आधी डॉक्टरांकडे न्यावं. कान, दात, पोट आणि सांधे यांची तपासणी झाल्याशिवाय त्याला हट्टी म्हणू नये.

पूर्ण मुका कुत्रा कुणालाच नको असतो. रात्री अनोळखी पाऊल दाराशी थांबलं, तर त्यानं दोनदा भुंकावं आणि ‘चूप’ म्हटल्यावर थांबावं, इतकीच अपेक्षा रास्त आहे, आणि गावठी असो वा विलायती, बहुतेक पिल्लं तिथवर पोहोचतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येकानं काही महिने एकच नियम पाळावा लागतो. ज्यांना पिल्लू आणायचं आहे, त्यांनी ते आणण्याआधी घरच्यांना बसवून हा नियम ठरवावा, पहिल्या महिन्यात कोण किती वेळ घरी असेल हे कागदावर लिहावं आणि विजेचा पट्टा सुचवणाऱ्याला घराबाहेरच ठेवावं. कागदावरचे तास भरत नसतील, तर यंदा पिल्लू आणू नये.